गोंगाट बाहेर ठेवणारा पिंजरा

मी एक जुना पिंजरा आहे. मित्रांनो, एवढं ऐकून लगेच माझ्यात पोपट शोधू नका. माझ्यात आजवर पोपट राहिला नाही, ससा राहिला नाही, चुकून एखादी चिमणीसुद्धा शिरली नाही. माझ्या पोटात एक जड टेबल असतं, टेबलावर सूक्ष्मदर्शक, आणि त्याखाली काचेच्या ताटलीत नुसत्या डोळ्यांना न दिसणारी एक जिवंत पेशी. तिची राखण हे माझं काम. खोटा विनय कशाला, ते काम मी चोख केलं आहे.

माझा जन्म एका जाळीवाल्याच्या दुकानात झाला. खिडक्यांच्या जाळ्या, कोंबड्यांची खुराडी, मांजरापासून दूध वाचवणारी कपाटं ही त्याची नेहमीची कामं. एक दिवस प्रयोगशाळेतले मोठे सर माझं चित्र काढलेला कागद घेऊन त्याच्याकडे आले. तांब्याची बारीक जाळी, तीन बाजू बंद, समोर वर सरकणारं दार. जाळीवाल्याने विचारलं, आत काय ठेवायचं? सर म्हणाले, आत काय ते माझं मी बघीन, बाहेर काय राहायला हवं ते ऐका. भिंतीतल्या वायरी, ट्यूबलाइट, पंखा, लिफ्ट, या सगळ्यांतून विजेची एक बारीक कुरकुर हवेत पसरत असते. ती आत येता कामा नये. जाळीवाल्याने डोकं खाजवलं.

"चोर आत कोंडायचा पिंजरा सगळेच मागतात," तो म्हणाला. "चोर बाहेर कोंडायचा पिंजरा मागणारे तुम्हीच पहिले."

पण गडी कामाचा पक्का होता. माझ्या प्रत्येक कोपऱ्याला त्याने असा डाख दिला की आजही तिथे नख शिरत नाही. प्रयोगशाळेत आल्यावर सरांनी माझ्या डाव्या पायापाशी एक जाड हिरवी तार जोडली आणि तिचं दुसरं टोक इमारतीखालच्या जमिनीत गाडलेल्या पट्टीला बांधलं. हिला अर्थिंग म्हणतात. बाहेरची कुरकुर माझ्या जाळीवर येऊन आपटते आणि या तारेतून मुकाट जमिनीत निघून जाते. माझा सगळा जीव त्या तारेत आहे, एवढं ध्यानात ठेवा.

आता एवढी शांतता कशासाठी, तेही सांगतो. तुम्ही हात हलवता, हसता, गणित चुकता, ते सारं मेंदूतल्या चेतापेशींच्या निरोपांवर चालतं. निरोप म्हणजे विजेची एक छोटीशी उसळी. पेशीच्या भिंतीला अगदी इवली दारं असतात. काही दारांतून सोडियमचे कण आत घुसतात आणि पेशी उसळते. मग दुसरी दारं उघडतात, त्यांतून पोटॅशियमचे कण बाहेर पडतात आणि पेशी पुन्हा शांत होते. शास्त्रज्ञ या दारांना पोटॅशियम चॅनेल म्हणतात, मी आपला दारंच म्हणतो. मोठी हट्टी असतात ती. सोडियमचा कण पोटॅशियमपेक्षा लहान, तरी त्याला जाऊ देत नाहीत. तो लहान असल्यामुळे त्या अरुंद वाटेत नीट बसत नाही, आणि नीट बसल्याशिवाय कुणाला पुढे सोडायचं नाही हा तिथला कायदा.

अशा एका दारातून जाणारी वीज इतकी थोडी असते की टॉर्चचा दिवा लावायला अब्जावधी दारं एकदम उघडावी लागतील. ती मोजायची तर आजूबाजूचा गोंगाट थांबायलाच हवा. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात ना, तसा त्या ट्यूबलाइटचा खळखळाट. तो मी बाहेर थोपवला, म्हणून सरांना पडद्यावरच्या रेघेत दारं उघडताना आणि मिटताना दिसली. लांबून लांबून माणसं ते बघायला येत आणि माझ्या जाळीवर बोट फिरवून म्हणत, काय स्वच्छ रेघ आहे हो तुमची. रेघ माझी होती, पण शाबासकी सरच घ्यायचे. माझी तक्रार नाही.

सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी आपली खुर्ची एका विद्यार्थिनीला दिली. तापलेली काचेची नळी ओढून तिचं केसाहून बारीक टोक काढायचं, ते पेशीला हलकेच टेकवायचं आणि दुसऱ्या टोकाच्या रबरी नळीतून तोंडाने अगदी हळू हवा ओढायची, म्हणजे पेशी काचेला चिकटते. जोर जास्त झाला की पेशी फुटते. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सगळे तिला काचताई म्हणू लागले, आणि मीही तेच म्हणतो.

पेशी चिकटेपर्यंत बराच वेळ नुसतं बसून राहावं लागतं. तेव्हा काचताई फोन माझ्यापासून लांब खिडकीत ठेवायची, त्याचा आवाज मोठा करायची आणि आपल्या धाकट्या भावाशी बोलायची. भाऊ शिंपी होता. त्याला लहानपणापासून झटके यायचे. मित्रांनो, झटक्यांची कारणं पुष्कळ असतात, पण त्यातलं एक असं की काही चेतापेशी एकदा उसळल्या की थांबतच नाहीत, कारण त्यांना शांत करणारी दारं पुरेशी उघडत नाहीत. त्याचे झटके औषधाने थांबले होते, पण त्या औषधाने तो दिवसभर पेंगायचा. दुकानाच्या मालकाने त्याला मशीनवर बसायची बंदी केली. काज करणं, बटणं लावणं आणि तुरपाई, एवढंच त्याच्या हाती राहिलं, आणि त्यातही टाका वाकडा पडू लागला. एकदा तो मशीनवर बसता यावं म्हणून औषध बंद करायचं म्हणाला, तेव्हा काचताई त्याच्यावर चांगलीच उखडली.

"ताई," मग तो म्हणाला, "औषध सोडलं तर मी पडतो. घेतलं तर झोपतो. मग उभा कधी राहू?"

त्या दिवशी तिने एकामागून एक तीन पेशी फोडल्या. तिच्या हातून असं कधी होत नसे.

नंतर माझे दिवस फिरले. प्रयोगशाळेत एक मोठं पांढरं यंत्र आलं. ते एका वेळी शेकडो पेशी तपासायचं, त्याला ना काचताई लागायची ना पिंजरा. त्याला वेगळी खोली आणि स्वतःचा एसी लागायचा, म्हणून सगळे त्याला 'साहेब' म्हणत. कानामागून आला आणि तिखट झाला, दुसरं काय. मला कोठीच्या खोलीत ढकललं. हलवताना तार आड येत होती, म्हणून कुणीतरी ती पक्कडीने कापली आणि दुसऱ्या कुठल्या कामाला नेली. माझ्या दांड्यावर ओल्या छत्र्या आणि कोट लटकू लागले. ज्या जाळीवर बाहेरची कुरकुर मान खाली घालायची, तिथे आता मोजे वाळत होते. खोटं सांगत नाही, मला फार वाईट वाटलं. पण मी मिठाची गुळणी धरून बसलो, कारण काचताई अधूनमधून दारातून डोकावून जायची.

अशात एक नवं औषध तयार झालं. औषध कसलं, अजून नुसती फिकट पिवळी पूड. तिला सगळे 'पिवळी' म्हणत. पोटॅशियमची दारं उघडायला मदत करणारी काही द्रव्यं आधीच हाताशी होती, त्यांच्याच रचनेत थोडा बदल करून पिवळी बनवली होती. उसळणाऱ्या पेशीला ती शांत करील पण नीट चाललेल्या पेशीला हात लावणार नाही, म्हणजे माणूस पेंगणार नाही, अशी आशा होती. साहेबांनी तिची तपासणी केली आणि निकाल दिला: काही उपयोग नाही. महिन्याच्या शेवटी विभागप्रमुख मॅडमची बैठक व्हायची. निकामी ठरलेली द्रव्यं तिथे बाद होत, आणि एकदा बाद झालेल्या द्रव्याकडे पुन्हा कुणी वळून बघत नसे. बाकीची द्रव्यं काय कमी होती?

काचताईला हे पटेना. पिवळीची सगळी भावंडं कामसू, मग ही एकटीच आळशी कशी, असं तिने मॅडमना विचारलं. जुन्या पद्धतीने, एकेका पेशीवर, मला करून बघू द्या, म्हणाली. मॅडम वाईट नव्हत्या, पण त्यांच्यामागे कामं फार होती. बैठकीपर्यंत काय ते कर, त्यानंतर हा विषय नाही, असं त्यांनी सांगितलं.

तर असा मी कोठीतून बाहेर आलो. काचताईने छत्र्या उतरवल्या, जाळी पुसली, टेबल आत सरकवलं. पडदा सुरू केला, तर रेघ थरथर कापत होती. बघायला जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, म्हातारा झाला तुमचा पिंजरा, भंगारात द्या. काचताई खाली वाकली आणि तिने माझा डावा पाय चाचपला. तार कापलेली बघून तिचे डोळे भरून आले, तिला काय आठवलं कोण जाणे. तिने नवी जाड तार आणली, स्वतः डाख दिला आणि टोक जमिनीच्या पट्टीला आवळलं. रेघ जागच्या जागी सरळ झाली. तो भंगारवाला गृहस्थ चहा प्यायला निघून गेला.

आता पेशीपर्यंत द्रव कसा पोचतो, ते सांगायला हवं. माझ्याबाहेर उंचावर दोन बाटल्या असतात, एकीत साधं खारं पाणी, दुसरीत औषध घातलेलं. खाली एक प्लॅस्टिकची नळी असते. तोटी फिरवली की हवा तो द्रव त्या एकाच नळीतून पेशीवर वाहतो. काचताईने एका पेशीला उसळत ठेवलं. पडद्यावर उसळीगणिक एक, असे करवतीचे दाते उमटले. तिने पिवळीची तोटी फिरवली. दाते तसेच राहिले. दुसरी पेशी घेतली, तिसरी घेतली, पण दाते काही कमी होईनात. संध्याकाळपर्यंत पिवळी नळीतून वाहत राहिली, आणि साहेबच खरे ठरणार असं दिसू लागलं.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. सकाळी काचताईने मॅडमना मुद्दाम बोलावून आणलं. कालच्या पेशी कदाचित थकल्या असतील, आज नव्या आहेत, तुमच्या समोरच होऊ दे, म्हणाली. पद्धतीप्रमाणे आधी साधं पाणी सोडायचं, पेशी उसळतच राहते हे दाखवायचं, आणि मग औषध. तिने साध्या पाण्याची तोटी उघडली. बघता बघता दाते विरळ झाले आणि थांबले. पेशी शांत झाली. पिवळीची बाटली तर बंदच होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मॅडमनी पडद्याकडे बघितलं, मग काचताईकडे बघितलं.

"अगं, औषधाने होत नाही आणि पाण्याने होतं," त्या म्हणाल्या. "मग आपण पाणीच विकू या की."

आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. जाता जाता त्या म्हणाल्या, की पिंजरा जुना आहे, पेशी नाजूक आहेत, आपोआपच मरत असतील. मला इतका राग आला, मित्रांनो! माझ्या आत पेशी मरतात? पण बोलणार कोण आणि ऐकणार कोण. चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढंच मी मनात म्हटलं.

काचताई तशीच बसून राहिली. फोन वाजला, तिने घेतला नाही. मग उठून तिने हातमोजे काढले आणि सवयीने नळाखाली धरले. हे मोजे प्लॅस्टिकचे, पुन्हा वापरायचे. आदल्या दिवशी पूड मोजताना बोटांवर पिवळा डाग पडला होता, तो पाण्याने जाईना. तिने घासला, साबण लावला, तरी जाईना. बाजूला तीच पूड कालवलेली काचेची बाटली होती. ती तिने विसळली, तर एका पाण्यात लख्ख. काचताई थांबली. मोज्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, आणि मग वळून माझ्यात येणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीकडे बघितलं. तिने ती नळी सोडवून पांढऱ्या कागदावर धरली. कोरी असताना काचेसारखी स्वच्छ असलेली नळी आता पिवळसर झाली होती.

चोर सापडला होता. पिवळीला प्लॅस्टिकचं भारी प्रेम. काल ती बाटलीतून निघाली, पण पेशीपर्यंत पोचलीच नाही, वाटेतच नळीला चिकटत गेली. रात्रभर नळीने तिला पोटात धरून ठेवलं. सकाळी साधं पाणी आलं तेव्हा नळीने थोडी थोडी ओकली, आणि तेवढ्याशा पिवळीनेही पेशी शांत झाली. ज्याला सगळे गोंधळ म्हणत होते, तो तर पिवळीचा पराक्रम होता. आणि साहेबांच्या पोटात तर काचेचा तुकडाही नव्हता, त्यांच्या ताटल्या, नळ्या, सगळं प्लॅस्टिकचं.

पण काचताई कच्च्या गुरूची चेली नव्हती. आपल्याला जे हवं तेच दिसतं आहे असं तर नाही ना, हे तिला तपासायचं होतं. तिने कोरी प्लॅस्टिकची नळी लावून साधं पाणी सोडलं, पेशी उसळत राहिली. जुनी पिवळसर नळी लावून तेच पाणी सोडलं, पेशी शांत झाली. मग दिव्यावर काच तापवून, वाकवून, तिने अख्खी वाट काचेची केली. बैठकीच्या दिवशी ती मॅडमना पुन्हा घेऊन आली. या वेळी ती स्वतः बसली नाही. तिने मॅडमना माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं आणि तोट्या त्यांच्याच हाती दिल्या.

मॅडमनी साधं पाणी सोडलं. दाते तसेच. मग पिवळी सोडली. दोन-चार दाते उमटले आणि रेघ खाली बसली. पुन्हा पाण्याने धुतलं, पेशी पुन्हा उसळू लागली, म्हणजे ती मेली नव्हती, ठणठणीत होती. मॅडमनी तेच पुन्हा केलं, आणि मग तिसऱ्यांदा, लहान मुलाने दिव्याचं बटण दाबत राहावं तसं. शेवटी एका नीट चाललेल्या पेशीवर पिवळी सोडली, तर ती आपली कामात गर्क, तिला पत्ताही नाही.

"म्हणजे साहेबांनी औषध पिऊन टाकलं," मॅडम सावकाश म्हणाल्या, "आणि आपल्याला सांगितलं, औषध निकामी आहे."

मग त्यांनी माझ्या जाळीवर हात ठेवला आणि पिंजऱ्याला उगीच बोलले, असं म्हणाल्या. मोठ्या माणसाने तांब्याच्या जाळीची माफी मागणं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी लगेच माफ करून टाकलं. पिवळी बैठकीत बाद झाली नाही.

तरी एक घाट बाकी होता. मित्रांनो, पोटॅशियमची दारं मेंदूतच नसतात, हृदयातही असतात, आणि तिथलं एक दार औषधाने अडलं तर ठोका चुकू शकतो. मेंदूला बरी वाटलेली कितीतरी औषधं या एका दारापाशी बाद होतात. ती परीक्षाही माझ्यातच झाली, काचेच्या नळीतून. हृदयाची दारं बिनतक्रार उघडत आणि मिटत राहिली. पिवळीने त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्या दिवशी काचताई खुर्चीत मागे टेकून एकटीच हसत होती.

पुढच्या परीक्षांसाठी पिवळी आता दुसऱ्या इमारतीत गेली आहे. आधी प्राण्यांवर, मग निरोगी माणसांवर, मग रुग्णांवर, अशा पुष्कळ पायऱ्या आहेत, आणि कुठल्याही पायरीवर ती घसरू शकते. काचताईने हे भावापासून लपवलं नाही. तो प्रयोगशाळा बघायला आला होता, उंच, किडकिडीत, पापण्या जड झालेला. माझ्यासमोर उभा राहून त्याने विचारलं, मला कधी मिळेल? वर्षं लागतील, कदाचित मिळणारही नाही, असं तिने सांगितलं. मला वाटलं, आता हा खचणार. तो मात्र माझ्याभोवती एक फेरी मारून आला.

"ताई, एवढ्या कामाच्या माणसावर धूळ बसते आहे," तो म्हणाला. "टेप आहे का तुझ्याकडे?"

टेप नव्हतीच, सुतळीने माप घेतलं. माझी उंची, रुंदी, दाराची सरक, सगळं. शेवटी त्याने शिंप्याच्या थाटात विचारलं, याला हात-पाय बाहेर काढायला कुठे जागा ठेवू? काचताईने खाली वाकून डाव्या पायापाशी तारेवर बोट ठेवलं. इथे, म्हणाली, फक्त इथे.

आज माझ्या अंगावर निळ्या जाड कापडाची खोळ असते. काम असलं की निघते, संपलं की चढते. आता कुणी माझ्यावर छत्री टांगत नाही. मित्रांनो, तुमच्या शाळेतही कोपऱ्यात एखादं जुनं उपकरण पडलं असेल. ते चालत नाही असं म्हणण्याआधी एकदा वाका आणि त्याची तार कुणी कापली तर नाही ना, ते बघा. आणि नवं यंत्र नाही म्हणालं, तरी एकदा त्याची नळी तपासा.

माझ्या खोळीला डाव्या पायापाशी एक काज आहे, त्यातून माझी तार बाहेर येते. ते काज भावाने हाताने केलं, त्यासाठी तो तीनदा बसला आणि मधे दोनदा पेंगला. त्याचे टाके वाकडे आहेत. कापड काही जन्मभर टिकत नाही, कधीतरी ही खोळ विरेल आणि तो मला नवी शिवायला बसेल. त्या खोळीचे टाके सरळ पडतील अशी माझी खात्री आहे, आणि ते बघेपर्यंत टिकण्याइतकं तांबं माझ्यात नक्की शिल्लक आहे.